अण्णा, खुर्ची रस्त्याकडेच आहे

अण्णा, आधी आपलं जुनं भांडण पुढे चालवू. मिटणार तर नाहीच, पण आज माझी बाजू पूर्ण ऐकून घ्या. मधेच "चहा टाक गं माय" म्हणून उठून जायची सोय तुम्हाला आता राहिलेली नाही.

तुमच्या डाव्या गालावरच्या त्या रुपयाएवढ्या मोकळ्या जागेत कधीच केस येणार नव्हते. लहानपणी बैलगाडीवरून पडलात, तिथली कातडी जुळून आली, पण केसांची मुळं गेली ती गेलीच. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल! आणि दर वेळी तुमचं एकच, "येत्यात गं. जरा खोबरेल चोळ." मी म्हणायचे, वरचे केस नीट वाढू द्या, ते खाली उतरतील आणि ती जागा आपोआप झाकतील. पण धीर धरतील ते अण्णा कसले! आठवडा झाला की आईच्या शिवणाच्या कात्रीनं वरचे केस छाटून मोकळे. तुम्ही गेलात त्या दिवशीही त्या जागेवर केस नव्हते. म्हणजे भांडण मी जिंकले. आता या जिंकण्याचं मी काय करू, तेवढं सांगा.

परवा तुमचा तेरावा झाला. पाहुणे गेले, मांडव निघाला आणि तात्या गाडीत बसता बसता परत फिरले. तुमचे थोरले भाऊ ते. तुमच्यामागं बोलायचा मान आता त्यांचाच. उंबऱ्यात उभे राहून सगळ्यांदेखत मला म्हणाले, "बाप पाठीशी हुता तवर खपून गेलं. आता ते दुकान बंद कर, वर्षा. गावात तोंड दाखवायला जागा ठेव."

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे ऐकून तुम्हालाही आश्चर्य वाटेल. पण घरात आई होती, दिवा होता, तुमचा फोटो होता. तात्यांना जे द्यायचं ते उत्तर मी इथे लिहिते आहे आणि तुम्हाला देते आहे, कारण माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय आपल्या घरात कुणाला असलीच तर ती तुम्हाला होती. चहाचा अपवाद सोडून.

दुकान म्हणजे काय हो? औरंगपुऱ्यातल्या गल्लीत एक काचेचं दार, एक आरसा, एक बरी खुर्ची. तिथे मी पुरुषांच्या दाढ्या करते. भादरत नाही, घडवते. ज्याचा चेहरा लांब आहे त्याच्या गालावर जरा भर ठेवते, गोल असेल त्याची हनुवटीखाली वाढवते. बायकांच्या पार्लरमध्ये भुवया कोरून मला कंटाळा आला होता. दाढीत चेहरा बदलायची जागा असते, तेवढंच कारण. पण मुलीनं वस्तरा हातात घेतला म्हटल्यावर लोकांना हजार कारणं सुचली. कुणाला जात आठवली, कुणाला अब्रू, कुणाला माझं न झालेलं लग्न.

या धंद्यातली माझी पहिली दाढी तुमचीच, हे मात्र त्यांना कुणाला माहीत नाही.

तुम्ही सगळी नोकरी वाळूजला काढलीत, गाड्यांना रंग मारायच्या विभागात. तिथे दाढी चालत नसे. ओल्या रंगावर एक केस पडला की अख्खं दार पुन्हा घासायला लागतं, म्हणून रोज शिफ्टच्या बसआधी तुम्ही न्हाणीघरातल्या तडकलेल्या आरशापुढे गाल फुगवून उभे. ताप असला तरी, दिवाळी असली तरी. मग निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आलात, ब्रश आणि रेझरचा डबा आईच्या हातात दिलात आणि म्हणालात, "ह्याच्यात सुया-दोरं ठेव. आजपासून ह्या तोंडावर कंपनीचा हक्क संपला." आईनं खरंच त्यात सुया ठेवल्या. अजून आहेत.

आणि मग तुमची दाढी आली. काय सांगावं तिच्याबद्दल! सुरुवातीला खाज सुटली, तर अंगाच्या साबणानं खसाखसा धुतलीत. कातडी आणखी कोरडी पडली, आणखी खाज. गळ्यावरची रेघ हनुवटीच्या हाडापर्यंत वर चढवलीत, त्यामुळे तुम्हाला नसलेली दुसरी हनुवटी दिसायला लागली. ओली असताना कापलीत आणि वाळल्यावर आखडली तेव्हा कात्रीला शिव्या घातल्यात. मी तुम्हाला पाटावर बसवलं. म्हटलं, अण्णा, महिनाभर हिला हात लावायचा नाही. गळ्याची रेघ कंठमण्याच्या जरा वर, तिथेच राहू द्यायची. तेल थेंबभर, तळहातावर चोळून मग मुळाशी लावायचं, वरून थापायचं नाही. फणी लाकडाची. कापायची ती वाळलेलीच.

तुम्ही म्हणालात, "ही दाढी हाय का बाळंतीण?"

पण ऐकलंत. गालावरच्या त्या जागेचं सोडून बाकी सगळं ऐकलंत. दाढी भरली तेव्हा मी थक्क झाले, इतके तुम्ही देखणे दिसायला लागलात. शेजारच्या बायका आईला चिडवायच्या आणि आई पदर तोंडाला लावून लाजायची. या वयात!

आणि मग संदीपचं लग्न. भर मांडवात नवऱ्या मुलाच्या बापाच्या गालावर मोकळी जागा दिसते म्हणून तुम्ही आईच्या डबीतलं काजळ तिथे फासलंत. कुणाला न सांगता. मे महिना, दुपारचा मांडव, आणि व्याहीभेट. पोरीच्या बापाला तुम्ही कडकडून मिठी मारलीत. तुम्हाला कुठलीच गोष्ट अर्धी करता आली नाही कधी. सुटलात तेव्हा व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खांद्यावर काळा ठसा, आणि तुमच्या गालावरून दाढीत उतरलेला ओघळ. फोटोग्राफर म्हणाला, "एकदा अजून." व्याही बिचारे म्हणाले, "असू द्या, दृष्ट लागायची नाय पोरांना." सगळा मांडव हसला आणि तुम्ही सगळ्यात मोठ्यानं. त्या दिवसानंतर ती जागा तुम्ही कधी झाकली नाहीत. वाट मात्र बघत राहिलात.

दुकान टाकते म्हटल्यावर तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. ते मला जास्त लागलं. आई रडली, संदीपनं दुकान रंगवून दिलं, तुम्ही पेपर वाचत बसलात. उद्घाटनाच्या नारळालाही "बघू" म्हणालात आणि आला नाहीत. गिऱ्हाईकं काचेपाशी यायची, आत बाई बघायची आणि विचारायची, "जेन्ट्स नाय का कुणी?" मग जायची. मी दिवसभर खुर्ची पुसायची. तेवढ्यात फुलंब्रीकडून तात्या आपल्या घरी आले आणि तुमच्यासमोर मला म्हणाले, "कुणब्याची पोर परक्या बाप्याच्या गळ्यावर वस्तरा धरती, लाज नाय वाटत?" तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात. पायजमा, इस्त्रीचा सदरा, दाढी विंचरलेली. आत आलात, खुर्चीकडे बघितलंत आणि तिला धरून गर्रकन फिरवलंत. आरशाकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. म्हणालात, "हिकडून उजेड बरा येतो." मी फेस लावला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यावर ठेवला, आणि तुम्ही घोरायला लागलात.

तुमचं घोरणं म्हणजे काय साधं घोरणं! बाहेर रिक्षावाला थांबला. साडीच्या दुकानातला माणूस पायरीवर आला. काचेत तोंडं दिसायला लागली. एका बाईच्या हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली पिकलेल्या दाढीचा दणकट बाप्या, आणि तो खुशाल झोपलेला. संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "सकाळच्या काकांसारखी करा."

त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही यायचात. खुर्ची फिरवायचात, घोरायचात, जायचात. हळूहळू खुर्ची रिकामी राहीना, तरी तुमची वेळ मी राखून ठेवायची. पण खरं सांगू? मला राग यायचा. लेकीच्या दुकानात बाप येतो आणि डोळे मिटून पडतो. आरशात बघत नाही, कशी झाली म्हणत नाही. आलेला प्रत्येक माणूस जाताना गालावरून हात फिरवून "भारी" म्हणायचा. तुम्ही उठायचात, पंचा झटकायचात आणि "आईला काही सांगायचंय का" एवढंच विचारायचात. मी वाट बघायचे, अण्णा. तुम्ही त्या केसांची बघायचात तशीच. "बरं केलंस" हे दोन शब्द तुम्हाला जड नव्हते. रिक्षावाल्याला म्हणायचात, भाजीवालीला म्हणायचात.

मग तुमच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नाकातोंडावर मास्क बसवायचा होता आणि दाढीमुळे तो नीट टेकेना, बाजूनं हवा जायची. सिस्टर चांगली होती, म्हणाली, "काढून टाकू या ना काका, परत येईल." तुम्ही मानेनं नाही म्हणालात. श्वास पुरत नव्हता, पण नाही म्हणायला पुरला. मी तुमच्या कानाशी वाकले. म्हटलं, काढत नाही, बारीक करते, मी करते. तेव्हा मान हलली. सिस्टरकडची ड्रेसिंगची छोटी कात्री, वाकडी कॉट, मधे नळ्या. मास्क बसला. पण अण्णा, ती माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट दाढी होती. एकीकडे आखूड, एकीकडे झुपके, हनुवटीवर पायऱ्या. मी म्हटलं, घरी गेल्यावर नीट करू. तुम्ही डोळे मिटलेत. घोरलात मात्र नाही.

घरी आणलं तुम्हाला, पण तसं नाही. अंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, आणि दाढी तशीच, मास्कच्या पट्ट्यांचे वळ पडलेली. मी कात्री आणि लाकडी फणी घेऊन आले. तात्यांनी हात आडवा धरला. "जाळायचंच हाय आता. लोकं खोळंबल्यात." जमलेल्या लोकांत कुणीतरी हसल्याचंही मला आठवतं, किंवा ते रडणं असेल. मी फणी धरून तिथेच उभी राहिले आणि माझ्यासमोरून तुम्हाला उचललं. माझ्या दुकानातून कुणी तशी दाढी घेऊन बाहेर पडला असता तर मी त्याला रस्त्यावरून परत ओढून आणलं असतं.

त्या दिवशी मला थांबवलं ते थांबवलं. दहाव्याला नाही.

गावाकडे नदीवर दहावा. मुलानं डोकं, दाढी, मिशा उतरवायच्या, ही आपल्याकडची रीत, आणि संदीपची त्याला ना नव्हती. त्याची दाढी माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली. तिचा फोटो मी भिंतीवर लावलेला. गावातले न्हावी मामा सामान घेऊन दगडापाशी बसले होते. संदीप त्यांना नमस्कार करून म्हणाला, "मामा, मान तुमचा. डोकं तुम्ही करा. दाढी ताई करील."

तात्यांचा आवाज नदीच्या पलीकडे गेला असेल. "बाईमाणसानं? दहाव्याला? अरं, पिंडाला कावळा शिवायचा नाय! भावाचा आत्मा अडकवता का तुम्ही?"

मी म्हटलं, "तात्या, तिरडीपाशी ऐकलं तुमचं. आता नाय ऐकणार."

"तुझा बाप असता तर..."

"असता तर हितं झोपला असता," मी म्हटलं.

आणि तेव्हा आई बोलली. आयुष्यात थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी आपली आई. पदर तसाच ठेवून म्हणाली, "भाऊजी, ह्यांच्या तोंडावरनं शेवटपर्यंत तिचाच हात फिरला. पोराच्या तोंडावरनंबी तिचाच फिरंल. मी सांगती."

मामांनी डोकं केलं आणि स्वतःहून बाजूला सरून मला जागा दिली. मी संदीपच्या दाढीला पाणी लावलं. आधी कात्रीनं, मग वस्तऱ्यानं. गाल मोकळा झाला आणि माझा हात थांबला, कारण खालून तुम्ही निघालात. दाढीतले नव्हे, आधीचे. तडकलेल्या आरशापुढचे, गाल फुगवणारे, शिफ्टच्या बसला धावणारे अण्णा. तोच जबडा, तीच हनुवटीवरची खाच. मी तुम्हाला इतक्या वर्षांनी बघत होते आणि वस्तरा चालवता येत नव्हता. मी रडले, अण्णा, त्या सगळ्यांसमोर, तात्यांसमोरही. रडून झाल्यावर दुसरा गाल केला. एक केस मागे ठेवला नाही, एक ओरखडा पडू दिला नाही.

आणि कावळ्याचं म्हणाल, तर आमचं हे चाललं होतं तेवढ्यात तो येऊन जेवून गेला होता. कुणाचंच लक्ष नव्हतं. वळून बघतो तर पिंड विस्कटलेला आणि कावळा लिंबावर चोच पुसतोय. तात्या सगळ्यांना विचारत फिरले, "आधी शिवला का नंतर? कुणी बघितलं का?" कुणीही बघितलं नव्हतं. तात्यांना हा प्रश्न आता जन्मभर पुरेल.

म्हणून परवा उंबऱ्यात ते दुकान बंद करायचं बोलले. नदीवर हरले होते ना! बाप पाठीशी होता तोवर, म्हणाले. त्या एका वाक्यानं मात्र मला झोपू दिलं नाही. कारण ते खोटं नव्हतं. तुमच्या घोरण्यावर दुकान उभं राहिलं, आणि तेसुद्धा तुम्हाला नकळत, असंच मी धरून चालले होते. थकलेला बाप, चांगली खुर्ची, लागला डोळा. आता घोरणारा गेला. तरी मी आज दुकान उघडलं.

कुलूप काढलं, काच पुसली आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवली. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. सुतकातून उठलेल्या दुकानात यायला लोक जरा बिचकतात, मला कळतं ते. आणि समोर साडीच्या दुकानाच्या पायरीवर कोण? तात्या. बाजाराला म्हणून शहरात आलेले, हातात पिशवी, डोळे माझ्या काचेवर. रिकामी खुर्ची बघून त्यांना बरं वाटत असावं. त्यांना दिसेल असं उभं राहून मी वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं.

तेवढ्यात संदीप आला, दुसऱ्या शिफ्टला जायच्या आधी. डोक्यावर टोपी, गालावर जेमतेम उगवलेले खुंट. मी म्हटलं, "दाढी कुठंय तुझी, कशाला आलास?" तो म्हणाला, "हाय तेवढी कर की." आणि बसला. मी फेस लावला, मान मागे टेकवली, वस्तरा गळ्यावर ठेवला. आणि तो घोरायला लागला. अस्सल तुमचं घोरणं, वर चढून मधेच अडकणारं आणि मग धाडकन खाली येणारं. मला वाटलं, बिचाऱ्याला किती दिवसांची झोप आहे. बाहेर एक रिक्षा थांबली.

मी गळ्याची रेघ धरायला खाली वाकले आणि त्याची पापणी हलली.

"संदीप? जागा हायस तू?"

त्यानं ओठ न हलवता, फेसाच्या आतून सांगितलं, "हळू बोल. अण्णांनी सांगून ठेवलंय, ताईचं दुकान रिकामं दिसलं की जाऊन घोरायचं. त्यांनीच शिकवलं कसं ते. महिनाभर तालीम करून घेतली माझ्याकडनं."

माझा हात हवेत राहिला.

"मग ते... ते दर आठवड्याला..."

"एकदाबी झोपले नायत. म्हणायचे, काय हात हाय पोरीचा, झोपलो तर कळंल कसा?" त्यानं एक डोळा किलकिला करून रस्त्याकडे बघितलं. "चालव वस्तरा. तात्या बघत्यात."

आणि तो परत घोरायला लागला, तुमच्याहून मोठ्यानं.